पान कुणीकडे मिटायचं

लग्नाला गेली की पानक्का आधी पान बघायची, मग नवरी. केळीचं पान टोकाकडचं आहे ना, टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे ना, शिरेपाशी कुठे चिरलंय का, हे सगळं बघून झालं की मग ती मांडवाकडे मान वळवायची. "नवरी काय, पुढल्या वर्षी पण अशीच दिसल," ती म्हणायची. "पानाची गोष्ट दुपारपर्यंत."

ती मूळची तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीतली. लग्नानंतर ओरत्तनाडूकडे गेली. कालव्याकाठी सासरची केळीची बाग होती. नवरा वारल्यावर मुलगा तिला चेन्नईला न्यायला आला, तेव्हा तिने त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. आसपासच्या बाया घरामागच्या थोड्याथोड्या केळींची पानं पहाटे कापून तिच्या अंगणात आणायच्या. ओल्या गोणपाटात बांधलेले भारे तिथून रिक्षाने तंजावूरच्या खानावळींत आणि लग्नाच्या हॉलांत जायचे. खानावळवाले तिला तमिळमध्ये 'एलै अक्का' म्हणत, आम्ही त्याचंच मराठी केलं, पानक्का.

मोठ्या शब्दांचा तिला धाक नव्हता. प्रादेशिक शेतमालाची पुरवठा साखळी बळकट करण्याचं अनुदान जिल्ह्यात आलं आणि त्यातून पानांसाठी थंड शेड बांधायचं ठरलं. माहिती द्यायला आलेल्या साहेबांनी 'सप्लाय चेन' हा शब्द इतक्यांदा उच्चारला की शेवटी तिने विचारलं, "चेन म्हणजे, सार, देवळातल्या हत्तीच्या पायांत असती तीच की?"

"तशी नाही, अम्मा. कडीला कडी जोडलेली."

"मग पहिली कडी बायांचं डोकं. तेथून धरा."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. शेडची जागा त्यांनी हमरस्त्यावर धरली होती. कालव्यापासून तिथवर डोक्यावर भारा घेऊन उन्हावाऱ्यातून जायचं, तर पान वाटेतच फाटणार आणि कोमेजणार. मग बायांना ते दारात टेम्पो घेऊन येणाऱ्या दलालाला द्यावं लागणार, तो सांगेल त्या भावाने. त्याच्या तावडीतून सुटायलाच तर त्या पानक्काच्या अंगणात यायला लागल्या होत्या. बायांना बरोबर घेऊन ती कचेरीत गेली, पुन्हा गेली. दर वेळी उत्तर एकच: शेड दिसलं पाहिजे.

"कोणास?" ती म्हणाली. "पानास की पाहुण्यास?"

भूमिपूजन व्हायचं ते हमरस्त्यावरच झालं. शामियाना, हार, आणि शेडच्या आधी शेडचा फलक. कुणीतरी आयोजकांच्या कानावर घातलं होतं की ही बाई मराठी, म्हणजे तंजावूरच्या जुन्या मराठा राजांच्या भाषेची. झालं! भूमिपूजनाला आलेल्या मोठ्या पाहुण्यांचे आभार तिने त्याच भाषेत मानावेत, वारशाला शोभेल, असं ठरलं. मलाही वारसा म्हणूनच पुढच्या रांगेत बसवलं होतं. पानक्काने माइक हातात घेतला आणि कुलदैवताच्या आरतीला लावते तसा गोड आवाज लावला.

"येथे शेड बांधणारे फार शहाणे. डोक्यावर भारा धरून कालव्यापासून येथवर एकदा चाला म्हणावं. चालणें नसल, तर हे हार आमच्या म्हशीस घाला. तिला तरी वाट ठावी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचे अधिकारी माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय गोड भाषा! आशीर्वाद दिला ना?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

वाटलं, संपलं. भाषा वाया गेली, हार पाहुण्यांनाच पडले. मग पंगत बसली. पानं अर्थात पानक्काच्याच अंगणातली. आमच्याकडे जेवण झालं की पान आपल्याकडे मिटतात. म्हणजे, गोड झालं, पुन्हा बोलवा. मर्तिकाचं जेवण असेल तरच पलीकडे मिटतात, पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून. तंजावुरात हे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं आणि साहेब झालेलाही विसरत नाही.

पायसम संपलं. मोठ्या पाहुण्यांच्या समोरच बसलेल्या पानक्काने आपलं पान सावकाश उचललं आणि पलीकडे मिटलं. तिच्या शेजारणीनेही तसंच मिटलं. बायांची आख्खी रांग, एकामागून एक. वाढपी ताकाचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबला. पाहुण्यांचा हात स्वतःच्या पानावर अर्ध्यात राहिला. ते हलक्या आवाजात तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, कोण वारलं?"

"अजून कोणी नाही, सार," तीही तमिळमध्येच म्हणाली, सगळ्यांना कळेल अशी. "शेड येथे झालं की आमचा माल मरणार. तेव्हा आम्हांस कोण जेवू घालणार? म्हणून आगाऊ जेवून घेतलं."

शेड कालव्याकाठी झालं. पाहुणे स्वतः बांधापर्यंत चालत आले, वाटेत चप्पल चिखलात रुतली तेव्हा पानक्काने ती काढली आणि कालव्यात धुऊन दिली. तेवढं तिच्याकडून होत असे. फलक मात्र अजून हमरस्त्यावरच आहे. तो हलवायला वेगळं अनुदान लागतं म्हणे.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दिवसांच्या जेवणाला मी ओरत्तनाडूला गेलो. शेडमधलीच पानं होती, टोकाकडची, कुठेही चीर नाही. मुलगा चेन्नईहून आला होता. रडून झाल्यावर तो प्रत्येकाला वाढलेलं पुरेसं आहे का विचारत होता. जेवण उरकलं. पान पलीकडे मिटायला मी हात घातला, तेवढ्यात समोरच्या रांगेतल्या तिच्या जुन्या शेजारणीने डोळ्याला पदर लावला, पान उचललं आणि सरळ स्वतःकडे मिटलं.

भटजी दचकले. "अम्मा, हे मर्तिकाचं जेवण!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण बाई पुन्हा यायला पाहिजे."

तिच्या पलीकडचीने मिटलं, मग तिच्या पलीकडचीने. मीही माझं पान माझ्याकडे मिटलं.