फाटकात अडकलेलं गाणं

सकाळी सात वीसला नोव्हेला कॉम्ब्सचं गाणं रेडिओवर पहिल्यांदा लागणार होतं, आणि नेमकी तेव्हाच ती चालवत असलेली शाळेची पिवळी बस रेल्वे फाटकाशी येऊन ठेपली. याला नशीब म्हणायचं की थट्टा?

केंटकीच्या त्या खोऱ्यात बसवाल्यांचा नियम कडक. रुळांपाशी थांबायचं, दार उघडायचं, रेडिओ बंद, पोरं चिडीचूप, आणि गाडी येतेय का ते कान देऊन ऐकायचं. सव्वीस वर्षांत नोव्हेलानं तो एकदाही मोडला नव्हता.

पण आज! बासष्टाव्या वर्षी ती गाणं रेकॉर्ड करायला निघाली, तेव्हा नणंद डेल्फिया म्हणाली होती, "गिटार ठेव खाली आणि गुडघ्यांना मलम चोळ!" नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीनं मात्र गाणं उचललं. श्रोत्यांचे फोन भरपूर आले तर अख्खा अल्बम काढू, म्हणाले. तेव्हापासून बाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आणि आता, आपल्याच डोंगरातली नोव्हेला कॉम्ब्स!" निवेदक म्हणाला. गिटारचे दोन सूर वाजले.

तिनं रेडिओ बंद केला. दार उघडलं. आणि खरंच कोळशाची मालगाडी धडधडत आली, संपता संपेना.

"आजच मुहूर्त सापडला मेल्यांना!" ती करवादली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कुणीतरी सुरू केलं,

"डब्यात तुझ्या रोज उरायचा
माझ्या वाटणीचा घास..."

तिचा नवरा आर्व्हिल खाणीतून येताना तिच्यासाठी डब्यात एक घास राखायचा. तो गेल्यावर तिनं हे गाणं रचलं, आणि बस चालवताना वर्षानुवर्षं गुणगुणलं. पोरांना ते तोंडपाठ होतं! बघता बघता सगळी बस गाऊ लागली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं. ती खुशाल रडली.

शेवटचा डबा गेला. तिनं हात वर केला. पोरं ओळ अर्धी टाकून गप्प. दोन्हीकडे कानोसा घेऊन तिनं रूळ ओलांडले आणि रेडिओ लावला.

"फोन थांबतच नाहीयेत हो!" निवेदक ओरडत होता. "पुन्हा लावतोय!"

"मिस नोव्हेला, तुम्ही जिंकलात!" पोरांनी पाय आपटून बस हलवली.

"गप्प बसा रे मेल्यांनो!" ती रडत-हसत ओरडली. "मला माझं गाणं ऐकू द्या!"

फाटक मागं पडलं होतं. कोण गप्प बसतंय!