चुना मारला की मिटलं

मुलांनो, तुमच्या तिकडे परदेशातल्या गावात ज्यू शेजाऱ्यांच्या दारावर लिहिलेल्या शिव्या पालिकेने लगेच पुसल्या, असं तुम्ही फोनवर कौतुकाने सांगितलंत. म्हणून आमच्या औरंगाबादच्या जमादारांबद्दल लिहिते.

ते नगरपालिकेच्या सफाई खात्यातले. प्रत्येक वाक्यानंतर स्वतःच मान डोलवत, समोरच्याचा होकार आपणच देऊन टाकल्यासारखी.

आमच्या शेजारी शिवण शिकवणाऱ्या बाई राहत, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू समाजातल्या. त्यांच्या भिंतीवर कोणीतरी डांबराने लिहिलं, ‘यहुदी, चालते व्हा.’ जमादार चुन्याची बादली घेऊन तासाभरात आले. चौकटीवरच्या प्रार्थनेच्या डबीवर थेंब उडू नयेत म्हणून तिला त्यांनी आपला रुमाल बांधला आणि भिंत पांढरी केली.

“जमादार, लिहितंय कोण ते विचारा ना,” बाई म्हणाल्या.

“लई फिकर करू नका, ताई. गल्लीतलीच पोरं हायेत. चुना मारला की मिटलं.” मान डोलली.

पुन्हा लिहिलं गेलं. ते पुन्हा आले, तितक्याच मायेने रुमाल बांधला. विचारलं मात्र कोणालाच नाही. त्या दिवशी बाईंनी त्यांना चहा दिला, पण चौकशी करा, असं पुन्हा म्हटलं नाही. दिवाळीआधी त्या मुंबईला निघून गेल्या.

माणूस मनाने चांगला होता, याचंच मला अजून वाईट वाटतं.

चुना केव्हाच झडला. डांबराची अक्षरं अजून वाचता येतात.