वखारीकडे उघडणारा जिना

आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कॉलेजच्या पूर्वेकडचा जिना मिस्त्रींनी चुकवला नव्हता. तो मी चुकवला होता.

साठ सालानंतरचे दिवस. कोल्हापुरात भर पेठेत, घोड्यांच्या जुन्या पागेच्या जागी, कॉलेजची नवी इमारत उठत होती. मी गारगोटीहून आलेला, चोवीस वर्षांचा ड्राफ्ट्समन. नकाशे काढायचे, अमोनियाचा वास मारणाऱ्या त्यांच्या प्रती साइटवर पोचवायच्या आणि आर्किटेक्टसाहेब पुण्याहून येईपर्यंत कामावर लक्ष ठेवायचं, एवढंच माझं काम. दगडकामाचे मिस्त्री उचगावचे, मुसलमान, पन्नाशीतले. मी परगावचा म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी मला पावणं म्हटलं, ते शेवटपर्यंत.

दुपारी कडुनिंबाखाली ते डबा सोडायचे.

"बसा पावणं. लाजायला ही काय सासुरवाडी हाय व्हय?"

भाकरी, खर्डा, कधी घरचं दही. जेवण झालं की नुकत्याच घडवलेल्या दगडावर माझा हात ठेवायचे. "डोळं मिटा आन् सांगा, कुठं उंच लागतंय." मला एकदाही सांगता आलं नाही. ते हसायचे. खोलीवर एकटा राहत होतो मी. तसं निवांत बसणं मला पुन्हा कुणापाशी मिळालं नाही.

दोन्ही बाजूंच्या विंगा सारख्या असल्या की आम्ही एकच काढायचो आणि ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी गिरवायचो. निम्मं काम वाचायचं. पश्चिमेचा जिना रस्त्याकडे उघडत होता. पूर्वेला मात्र लाकडाच्या वखारीची भिंत हातभर अंतरावर. म्हणून तिथं कागद उलटू नकोस, जिना आत चौकाकडे उघडू दे, असं साहेबांनी बजावलं होतं. मी सवयीनं उलटला, आणि प्रत तशीच साइटवर दिली.

मिस्त्रींनी ती पाहिली. "पावणं, पोरं वर चढणार कुठनं? वखारीतनं?"

सगळे गवंडी हसले. मला ते झोंबलं.

"नकाशात आहे तसं करा."

"करतो की. पर साहेबास्नी एकदा इचारून घ्या."

"विचारलंय."

विचारलं नव्हतं.

सात पायऱ्या बसल्यावर एका संध्याकाळी मी पायरी आणि वखारीची भिंत यांच्यामधून आडवा होऊन गेलो, तेव्हा कळलं, कागद मी उलटला होता. ऑफिसात जाऊन बरोबर नकाशा काढला. साइटवरच्या खोलीतल्या खिळ्यावरचा जुना काढून घेतला, नवा अडकवला. सकाळी मिस्त्रींना सगळं सांगणार होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सांगायचं असतं तर जुना नकाशा फाडला नसता.

सकाळी साहेबच आले, संस्थेची मंडळी बरोबर. त्यांनी जिना पाहिला, खिळ्यावरचा नकाशा पाहिला.

"मिस्त्री, नकाशा कळत नाही का तुम्हाला?"

मिस्त्रींनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलेन म्हणून ते थांबले. चांगले थांबले. मी बुटाला लागलेला चुना बघत राहिलो.

"चुकलं आसंल माझं," ते म्हणाले. ओळंबा दोरीत गुंडाळून पिशवीत टाकला आणि निघून गेले.

जिना उतरवून दुसऱ्या मिस्त्रीनं चौकाकडे बांधला. गवंड्यांत मिस्त्रींचं नाव 'उलट्या जिन्याचे' असं पडलं. मोठी दगडी कामं कुणी देईना. पुढं कोडोलीकडे गोठ्यांच्या भिंती बांधतात, असं कानावर आलं. वर्षभरात मला बढती मिळाली.

काढलेल्या त्या पायऱ्या आता चौकात बाकासारख्या मांडल्या आहेत. तासांच्या मधे पोरंपोरी तिथं गर्दी करतात. कॉलेजवरून जाताना घटकाभर तिथं टेकावंसं फार वाटतं. पाय फाटकाच्या आत जात नाहीत.

मिस्त्री आहेत अजून. नजर गेलीय म्हणतात. मुलगाही गवंडीकाम करतो आणि 'उलट्या जिन्याचा' म्हणूनच ओळखला जातो. हे लिहून काही फिटत नाही, कारण त्यांना हे वाचता येणार नाही. उचगावात त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या मुलासमोर आणि गल्लीतल्या गवंड्यांसमोर, जिना मी चुकवला हे माझ्या तोंडानं सांगणं अजून बाकी आहे.