लवकर आटोपलेलं ऑपरेशन

शेजाऱ्यांच्या मूतखड्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो होतो. पलीकडे एक बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या स्वादुपिंडात गाठ होती. "सहा-सात तास लागतील म्हणालेत," असं सांगत त्यांनी फडक्यात बांधलेल्या दशम्या दाखवल्या. दिवसभराची बेगमी होती ती.

तासाभरातच नर्सने दार उघडून नाव पुकारलं. "झालं ऑपरेशन. डॉक्टर बोलावताहेत."

"अगंबाई, इतक्यात? देव पावला हो!" म्हणत त्यांनी घाईघाईने दिराला फोन लावला.

लवकर आटोपण्याचं आपल्याला केवढं कौतुक! रांग लवकर सरली, बाळंतीण लवकर सुटली, की आपण हात जोडतो. या एका दारापुढे मात्र उशीर मागावा लागतो. गाठ काढण्याजोगी असेल तर दिवस जातो. यकृतापर्यंत पसरलेली दिसली, तर उघडलेलं पोट तसंच शिवून टाकतात. त्याला कितीसा वेळ लागणार? बायकोच्या वेळी मीही याच बाकावरून सगळ्यांना फोन केले होते. पेढेसुद्धा सांगून ठेवले होते.

 

आत जाताना बाईंनी फडकं माझ्या हातात दिलं. "तुम्ही खा हो. आम्हाला आता कुठे थांबायचंय!"

दशम्या अजून कोमट होत्या.