आधी मजकूर, मग खूण

नागझिऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या कॉलेजात नेटवर्क शिकवणारे सर शिस्तीचे भारी भोक्ते. कॉम्प्युटरने माहिती बाहेर धाडायची, तर आधी डिस्क्रिप्टर नावाची चिठ्ठी भरायची: माल मेमरीत कुठे आहे, किती आहे. ‘आता तुझं’ ही खूण सगळ्यात शेवटी, कारण ती झाली की चिठ्ठी माल प्रत्यक्ष धाडणाऱ्या इथरनेट कंट्रोलरच्या ताब्यात. कोणी खूण आधी केली, की सर खडू मोडून ओरडत, “काऊन बे, कोरी चिठ्ठी देऊन राहिला? तो मंग काहीबी धाडते ना!”

नोकरी लागताना याच सरांनी संस्थेला कोऱ्या कागदावर सही करून दिली होती. परवा तपासणीवाल्यांपुढे ते बोलून गेले, “अर्धे कॉम्प्युटर बंद आहेत.” संध्याकाळी संस्थेने कागद भरला. राजीनामा मोठा सुवाच्य आहे, सही तर अस्सलच.

मी हसलो नाही. नोकरी लागताना मीही सही करून दिलेला कागद संस्थेकडे अजून कोरा आहे.