आत्याने काय काय सोडलं

माझ्या आत्याइतकं अन्नावर अविश्वास दाखवणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. लोक पुढाऱ्यांवर संशय घेतात, शेजाऱ्यांवर घेतात, फार तर सुनेवर घेतात. आत्याने वांग्यावर घेतला, बटाट्यावर घेतला आणि एका उन्हाळ्यात तर नळाच्या पाण्यावरही घेतला, कारण धरणाने तळ गाठला की पाणी म्हणे जड होतं. तिचं म्हणणं अगदी साधं होतं. आपल्या बोटांचे सांधे जे सुजतात ते कुठल्यातरी खाण्याने सुजतात. ते खाणं एकदा सापडलं की बंद करायचं, की बोटं पुन्हा पूर्वीसारखी. ते खाणं शोधण्यात तिची चांगली वर्षं गेली आणि तिच्यामागे धावण्यात आमची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर सटाण्याकडचं. यजमान गेल्यापासून ती आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. तिची ओळख सांगायची तर एकच, तिचे मांडे. पुरण भरलेला कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर घ्यायची, या मनगटावरून त्या मनगटावर खेळवत कोपरापर्यंत वाढवत न्यायची आणि तो धोतराच्या पदराइतका पातळ झाला की उपड्या तापलेल्या खापरावर अलगद पांघरायची. लग्नकार्यांत तिला खास बोलावणी यायची. ती चुलीपुढे बसली की बाकीच्या बायका आपोआप दोन हात मागे सरकायच्या, आणि एखादीने हौसेने गोळा उचललाच तर आत्या तिच्या मनगटांकडे नुसतं बघून म्हणायची, "राहू दे बाई, तू आमटीकडे बघ." अशा बाईच्या नेमक्या हातांतच आमवाताने ठाण मांडलं. सकाळी मूठ मिटेना, मनगटं सुजलेली, चहाचा कप धरायचा तर दोन्ही तळव्यांत. एरवी नाशकात राहून तिची भाषा आमच्यासारखीच झालेली, पण दुखणं वाढलं की माहेरची अहिराणी वर यायची. "दुखी ऱ्हायनं रे भाऊ," दुखतंय, एवढंच सांगायची.

पहिलं गेलं वांगं. त्याला साक्षीपुरावा लागला नाही, कारण वांगं वातूळ असतं हे आपल्याकडे सगळ्यांना जन्मतःच ठाऊक असतं. मग बटाटा, मग हरभऱ्याची डाळ. डाळ गेली म्हणजे पुरण गेलं. दुखण्याला उतार पडेल तेव्हा ती लोकांसाठी मांडे करायची, पण स्वतः तुकडाही तोंडात टाकायची नाही. मग चिंच, दही, ताक, आंबट म्हणून जे जे असेल ते सगळं. निफाडहून तिचे दीर दरवर्षी द्राक्षांची पेटी पाठवतात. ती तिने न उघडता आमच्या दारात आणून ठेवली आणि हात झटकून निघून गेली. टोमॅटो गेला. कोणाची तरी पुण्यातली मुलगी म्हणाली की गव्हात काहीतरी चिकट असतं, तर त्याच संध्याकाळी गव्हाचा डबा आमच्याकडे आला. आमच्या घरातल्या सगळ्यांची वजनं वाढली ती याच काळात.

तपासाची तिची पद्धत ठरलेली होती. बोटं सुजली की दोन दिवस मागे जायचं. मंगळवारी दुखलं, तर रविवारी काय खाल्लं? पोहे. पोह्यांत काय होतं? शेंगदाणे. झालं, शेंगदाणे बंद. पुढच्या खेपेला शेंगदाणे न खाताच दुखलं, तेव्हा आता बिचारे सुटतील असं आम्हाला वाटलं. पण आत्याच्या दरबारात एकदा आत गेलेला कधी बाहेर येत नसे. पूर्वी तू वांगं खाऊनसुद्धा महिना महिना ठणठणीत असायचीस, असं मी सांगून पाहिलं. "ते आत साचत असतं," आत्या म्हणाली. मालेगावच्या एका लग्नात तिने पंगतीत बसून नुसता भात मीठ लावून खाल्ला, बाकी पान कोरं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा टम्म. परतीच्या वाटेवर मी मनात म्हटलं, आता तरी हिला पटेल की खाण्याचा आणि याचा संबंध नाही. आत्या चांदवड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. चांदवडला तिने निकाल दिला. भात वाढणाऱ्याने त्याच हाताने आधी मठ्ठा वाढला होता.

डॉक्टर मात्र भला माणूस. त्याने पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं की या आजारात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतोच असं दिसलं तर तो खुशाल टाळा, पण सगळ्यांना लागू पडेल असा एकच दोषी पदार्थ नाही. गोळ्या वेळेवर घ्या आणि पोटभर, चौरस जेवा. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि जिना उतरताना मला म्हणाली, "काय बंद करायचं तेच ज्याला सांगता येत नाही, त्याने पाटी कशाला लावावी?" गोळ्या ती घ्यायची, कारण मी समोर उभा राहायचो. पण बरं वाटलं की श्रेय बंद केलेल्या पदार्थाला आणि दुखलं की दोष चालू असलेल्या पदार्थाला. गोळीला कोणी विचारलंच नाही.

त्यातच आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचा पायाचा अंगठा मटणाच्या पार्ट्यांनंतर लालबुंद होऊन सुजायला लागला. डॉक्टर तोच. त्याने सांगितलं की हा वात वेगळा, हा रक्तातल्या युरिक ॲसिडचा, यात खाण्यापिण्याचा खरंच संबंध असतो. गृहस्थांनी बिअर सोडली, मटण कमी केलं, औषध घेतलं आणि पुढे ते रोज सकाळी आत्याच्या खिडकीवरून ताठ चालत फिरायला जाऊ लागले. आत्या त्यांच्याकडे टक लावून बघत बसायची. एकदा म्हणाली, "नशीबवान आहे मेला. त्याला त्याचा सापडला." मी हसलो. हसून झाल्यावर मात्र फार वाईट वाटलं.

शेवटी तिच्या ताटात भात, मुगाची खिचडी आणि दुधी एवढंच उरलं. दुधी तिला लहानपणापासून आवडत नाही, बहुधा म्हणूनच तो संशयातून सुटला. ती इतकी वाळली की हातातल्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायच्या, पण सुजलेल्या पेरांवरून उतरायच्या नाहीत. डॉक्टरने रक्त तपासलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. अशी उपाशी राहिलात तर आजाराआधी अशक्तपणाच तुम्हाला झोपवेल, असं तो म्हणाला. आत्याने मान डोलावली आणि घरी येऊन चहाही बंद केला. चहा हा शेवटचा होता. काही दिवस बरे गेले. ती रोज सकाळी मला हाताची मूठ मिटून दाखवायची, अर्धीमुर्धी मिटायची तरी दाखवायची, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करू म्हणायची. मग एका सकाळी मी गेलो तर ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. बोटं पूर्वीइतकीच सुजलेली. तिने माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, "आता कोणाला धरू रे?"

इतकी वर्षं मी हिला वेडी समजत होतो. तेव्हा कुठे लक्षात आलं, संशय घ्यायला एखादा पदार्थ शिल्लक होता तोवर तिला हात परत मिळण्याची आशा शिल्लक होती. आम्ही तिला सारखं सांगत होतो की कोणाचाच दोष नाही. ते खरं होतं, पण तिच्या कानांना ते कसं लागत असेल याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

त्याच हिवाळ्यात कॉलनीतल्या बायकांचं भजनी मंडळ काशीला निघालं आणि आत्याने मीही येणार म्हणून हट्ट धरला. तिची बॅग आणि गोळ्या उचलायला मी बरोबर गेलो. काशीला गेलं की आपल्या आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. बायका यात मोठ्या हुशार. एकीने कारलं सोडलं, दुसरीने शिराळं, आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी डोळे मिटून, हात जोडून ड्रॅगन फ्रूट सोडलं. ते त्यांनी कधी चाखलंही नव्हतं. आत्याची पाळी आली. गुरुजी मराठीच होते. काय सोडताय म्हणून त्यांनी विचारलं, तर ही म्हणाली, "गुरुजी, मी सगळं आधीच सोडून आलेय." बायका हसल्या. आत्या हसली नाही. मागे रांग खोळंबली होती, गुरुजी म्हणाले की आवडीचं काहीतरी असेलच. आत्याने आपल्या हातांकडे बघितलं.

"मांडे सोडले," ती म्हणाली. "करायचे."

गुरुजींना पेच पडला. सोडायचं ते खाणं सोडायचं, करणं नाही, असं त्यांनी जरा अडखळतच सांगितलं. "मी खाल्ले त्याहून केलेच जास्त," आत्या म्हणाली. "तेच धरा." गुरुजींनी पळीभर पाणी तिच्या हातावर घातलं. तिची ओंजळ मिटत नव्हती, त्यामुळे पाणी तिला वेगळं सोडावं लागलं नाही, ते आपोआपच गेलं. मी गंगेकडे बघत उभा राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

काशीहून परतल्यावर आत्याने आमच्या हिला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, की उद्या एक वांगं भाज. आता शोधायचं काही उरलं नाही तर उपाशी कशाला राहू, हा तिचा हिशेब. दही आलं, शेंगदाणे आले, एका रविवारी तिने आमच्याबरोबर मिसळ खाल्ली आणि तर्रीची वाटी पुन्हा भरून घेतली. अंगावर थोडं मांस आलं. गोळ्या आता ती आपणहून घेते. दुखणं आपल्या मर्जीने येतं, आपल्या मर्जीने जातं. हात काही परत आले नाहीत. येतील असं आता कोणी म्हणत नाही, तीही नाही.

आखाजीला तिने मला माळ्यावरचं खापर काढायला लावलं. अंगणात चूल मांडली, आमच्या हिने पुरण वाटलं आणि हात लांब म्हणून गोळा माझ्या गळ्यात पडला. आत्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. मनगट सैल सोड, कोपर वर घे, घाबरतोस काय. पहिला मांडा हातावरच फाटला आणि पुरण चुलीत पडलं. दुसरा जेमतेम खापरावर पोहोचला, एका बाजूने भोक पडलेला. मला एकदम काशी आठवली आणि मी विचारलं, आत्या, तुला हे चालतं का?

"सोडलेत ते करायचे," ती म्हणाली. "खायचे कुठे सोडलेत?"

मी तुकडे करून, दुधात बुडवून तिच्या तळव्यावर ठेवत गेलो. कित्येक वर्षांनी ती मांडा खात होती, आणि तोही माझ्या हातचा, म्हणजे आयुष्यातला सगळ्यात वाईट. तिने सावकाश खाल्ला, पुन्हा हात पुढे केला. शेवटचा तुकडा संपल्यावर तळवा पदराला पुसत म्हणाली, "उद्या बोटं सुजली तर या मांड्यावर आळ घेऊ नकोस, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिच्याकडे चक्कर मारली. ती खिडकीशी बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. मी काही विचारलं नाही. तिनेही दाखवले नाहीत.

"कडा जाड राहिल्या होत्या," ती म्हणाली. "पुढच्या आखाजीला कणीक अजून मळ."

मी बरं म्हटलं.