पॅसेज खराब हाय

"पोहता येतं का तुला?"

"न्हाई."

"समुद्र तरी पाह्यलास का?"

"एकदा. कॉलेजच्या ट्रिपला. गुडघ्याएवढा."

"मंग जहाजावर जाऊन काय करणार बे तू? बुडणार?"

हे माझे मामा. शिरूर कासारला आमच्या घरात, ओट्यावर बसून. जहाजावर नोकरी लागली म्हणून मी पेढे वाटायलते, आन् मामांनी अख्खा पेढा तोंडात टाकून हे सगळं विचारलं. पेढा मात्र सोडला न्हाई बरं का.

मंग ते आईकडं वळले. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हंजी अर्धा कोयता, त्याला मुकादम बी विचारत न्हाई. मामा म्हणले, "अक्का, पोरीचं वय झालं. असा अर्धा कोयता किती दिवस फिरवणार? पूर्ण करून टाक की."

आई जन्मभर ऊस तोडलेली बाई. ती भाकर थापायलती. हात थांबला न्हाई, मान वळली न्हाई. म्हणली, "माझी पोरगी कोयता न्हाई. तू चहा पी."

झालं! मी तिथंच ठरवलं. नुसतं जहाजावर जायचं न्हाई. ते जहाज अंटार्क्टिकाला जातं ना? मंग त्या अंटार्क्टिकावर पाय ठेवायचा. खिडकीतून बघून यायचं न्हाई. पाय!

जहाजावर गेल्यावर कळलं की तेच लई अवघड हाय. पाहुणे सगळे पैसेवाले, म्हातारे, त्यांना किनाऱ्यावर उतरवायला रबरी होड्या. आमी हाऊसकीपिंगवाले. चादरी बदला, बाथरूम धुवा, टॉवेल घड्या घाला. आमचा सुपरवायझर गोव्याचा, मराठी बोलायचा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "होडीत जागा उरली तरच स्टाफला किनाऱ्यावर नेतात. आणि वाटेत ज्यानं आजारी म्हणून सुट्टी घेतली त्याचं नाव कट."

मी म्हणले, "मी कशाला आजारी पडू सर?"

तो नुसता हसला.

अर्जेंटिनाच्या अगदी खालच्या टोकावरनं जहाज सुटलं. सगळ्या स्टाफला गोळा करून तो म्हणाला, "उद्यापासून पॅसेज खूप खराब असणार. सगळ्यांनी तयारीत राहा."

आता तुमीच सांगा. संभाजीनगरला मी हॉटेलचा कोर्स केला तिथं, बीडमधल्या फ्लॅटच्या बिल्डिंगीत, कुठंबी, पॅसेज म्हंजी काय? खोल्यांच्या मधली जागा! मी म्हणले, खराब असणार म्हंजी पाहुणे चिखलाचे बूट घालून फिरणार असतील. सकाळी सगळ्यांच्या आधी उठले. व्हॅक्युम मारला, कठडा पुसला, कोपरे तर असे घासले की विचारू नका. आन् नाष्ट्याला सगळे बसले असताना जाऊन सांगितलं, "सर, पॅसेज चकाचक!"

"कुठला पॅसेज?"

"आपला. वरचा. आता कितीबी खराब होऊ द्या."

त्याच्या हातातला ब्रेड तसाच राह्यला. "अगो बाय, तो पॅसेज नव्हे! ड्रेक पॅसेज! समुद्र! दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधला समुद्र! जगातला सगळ्यांत खवळलेला!"

अख्खी मेस हसली. दुपारपर्यंत माझं नाव मॅडम पॅसेज पडलं. किचनमधला एक पंजाबी कुक तर मला बघून सलामच ठोकायचा. "मॅडम पॅसेज, समंदर में पोछा मार दिया?"

मी म्हणले, "मार दिया. अभी गीला हाय, पाँव मत रखना."

हसा म्हणले. हसून घ्या.

मंग तो समुद्र आला.

आधी टेबलावरचे चमचे सरकले. मंग खुर्च्या. मंग मी. एका बाजूला चढ लागायचा, डोंगर चढल्यासारखी वाकून चालायची, आन् अर्ध्यात गेले की तोच चढ उतार व्हायचा आन् मी पळत जाऊन दारावर आदळायची. खिडकीत कधी नुसतं आभाळ, कधी नुसतं पाणी. जहाज असं कण्हायचं की आतून कुणीतरी लाकडं फोडायलंय वाटायचं. माझ्या जोडीला दार्जिलिंगची एक पोरगी होती, ती बंकवर आडवी झाली. "दीदी, मैं तो मर जाऊँगी."

"मरती न्हाई तू. लेट." म्हणून मी तिला पांघरूण घातलं आन् तिच्याबी खोल्या माझ्याकडं घेतल्या.

कॅप्टननं सांगितलं, पाहुण्यांनी खोलीतच राहायचं. पण न्हाई ना राहात लोक. आमच्याकडं उलटीच्या कागदी पिशव्या असतात, त्या कठड्यात जागोजागी खोचून ठेवतात. कुणी त्या वापरल्या, कुणी वापरायला गेले आन् जमलं न्हाई. कार्पेटवर, भिंतीवर, माझ्या घासलेल्या कोपऱ्यात! आता बोला! पॅसेज खराब झाला का न्हाई?

उभं राहून काम होईना, मंग मी गुडघ्यावर बसले. बादली दोन पायांच्या मधी धरली. एक हात कठड्याला, एक हात फडक्याला. मला उलटी आली की अॅप्रनच्या खिशातली पिशवी काढायची, काम करायचं, पिशवीचं तोंड बांधायचं, पुढं सरकायचं. रडू बी आलं एकदा. रडत रडत पुसलं. त्यानं कार्पेटला काय फरक पडतो?

तेवढ्यात सुपरवायझर आला, दोन्ही हातांनी भिंत धरत.

"तू खाली जा. झोप. तोंड बघ तुझं, पांढरं पडलंय."

"गेले तर सुट्टी लिहिणार का?"

"लिहावी लागेल."

"मंग न्हाई जात."

"पडशील गो!"

"खालीच बसलेय सर. आता अजून कुठं पडू?"

तो काहीतरी बोलणार होता. रागावलाच होता तो. तेवढ्यात जहाज असं कललं की तो धाडकन माझ्या शेजारी येऊन बसला. कपाळावर घाम. मंग हळूच म्हणाला, "एक पिशवी दे."

दिली. त्याचं झाल्यावर तोंड बांधून बादलीत टाकली आन् विचारलं, "सर, तुमचंबी नाव कट का?"

तो असा हसला की त्याला दुसरी पिशवी लागली. सुट्टी काय लिहिली न्हाई. दुसरं फडकं उचललं आन् पलीकडची भिंत पुसायला लागला.

बर्फाजवळ पोचल्यावर पाणी एकदम गप्प झालं. मला तर उलट त्याचीच चक्कर यायला लागली. होडीत दोन जागा उरल्या. सुपरवायझर मेसच्या दारातनं ओरडला, "मॅडम पॅसेज, बूट घाल!"

पण उतरायच्या आधी कपडे तपासतात, बाहेरचं बी-बियाणं तिकडं जायला नको म्हणून. तपासणारी गोरी बाई माझ्या लोकरी मोज्यातनं चिमट्यानं एकेक काहीतरी ओढून काढायला लागली. कुसळं! आमच्या रानातली! आई म्हणली होती थंडीचे मोजे ने, ते मी रानात घालून फिरलेली. बाई विचारायली हे काय. मी म्हणले, "आमच्याकडं सगळ्यांच्या मोज्यात असतंय." तिनं मोजेच ठेवून घेतले आन् दुसरे दिले. दे बाई. अनवाणी जा म्हणली असती तरी गेले असते.

आन् पाय ठेवला. एक न्हाई, दोन्ही.

शुभ्र बिभ्र काय न्हाई हां. किनाऱ्यावर काळे गोटे आन् पेंग्विनची घाण. वास असा, की गेवराईचा जनावरांचा बाजार बरा. पण त्याच्या मागं बर्फाचे डोंगर होते, निळे, आन् आवाजच न्हाई कशाचा. मी फोटो बी काढला न्हाई. नुसती उभी राह्यले, गोट्यांवर बूट घट्ट रोवून.

लगेच वारा सुटला. होडीवरला गाईड हात हलवायला लागला, चला, चला. बाकीचे चढले. मी न्हाई. त्यानं परत हाक मारली. मी एक बोट वर केलं, थांब. तो घड्याळ दाखवायला लागला. दाखव म्हणले. एवढं सगळं पुसत आलेय मी इथवर, तुझ्या घड्याळासाठी न्हाई.

तिसऱ्यांदा तो जोरात ओरडला. तवा मी बी ओरडले, "आले की बे!"

आमच्याकडं बे म्हणायचं ते गड्यांनी. पोरींनी न्हाई. मी लई मोठ्यानं म्हणले, आन् सगळ्यांच्या शेवटी होडीत चढले.